सासूबाईंचा पीएच

मला ॲसिडिटी आहे, ही नागपुरात सांगण्यासारखी गोष्टच नाही. रविवारी सकाळी तर्री-पोहे आणि त्याच रात्री सावजी रस्सा, एवढं झाल्यावर ज्याच्या छातीत जळत नाही तो माणूस एकतर पाहुणा असतो किंवा खोटं बोलत असतो. मी वीस-बावीस वर्षं ती जळजळ नेमाने सांभाळली. शर्टाच्या खिशात गोळ्या, ऑफिसच्या खणात गोळ्या, आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गाडीवर पुन्हा मिरची-भजी. पोटाची आणि माझी एक समजूत होती. ती फक्त मलाच मान्य होती, हा भाग वेगळा.

ही समजूत मोडली सकाळच्या फिरण्यात. बेसा भागात आमच्या इमारतीमागे अजून बांधकाम न झालेला एक मोकळा तुकडा आहे. तिथे आम्ही चार-पाच जण गोल गोल फिरतो आणि एकमेकांना आपापले आजार सांगतो. त्यातल्या एका निवृत्त बँकवाल्यांनी एके दिवशी मला मध्येच थांबवलं, चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं शरीर ॲसिडिक झालं आहे."

मी म्हटलं, "जळजळ तर होतेच."

"जळजळ नाही म्हणत मी. पूर्ण शरीर. पीएच पाहिला कधी आपला?"

बारावीला रसायनशास्त्रात मी काठावर सुटलो होतो. तेव्हापासून पीएच या प्रकरणाशी मी संबंध ठेवला नव्हता. इतक्या वर्षांनी, ट्रॅक पँट घातलेली असताना, ते असं रस्त्यात गाठेल याची कल्पना नव्हती. त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात पांढरा कोट घातलेला एक माणूस सांगत होता की आम्लधर्मी शरीरात रोग घर करतात आणि अल्कलीधर्मी शरीराच्या उंबरठ्यावरही येत नाहीत. तपासणी घरच्या घरी, पंधरा सेकंदांत. मी तो व्हिडिओ ऑफिसात दोनदा पाहिला आणि तिसऱ्यांदा पाहताना पट्ट्या मागवल्या.

चार दिवसांनी प्लास्टिकची एक डबी आली. आत पिवळट कागदी पट्ट्या, सोबत रंगांचा तक्ता. एका टोकाला नारिंगी, मध्ये हिरवा, दुसऱ्या टोकाला गर्द निळा. पट्टी लघवीत बुडवायची किंवा जिभेवर ठेवायची आणि रंग जुळवायचा. मी तो तक्ता फ्रिजवर चुंबकाने लावला. बायकोने तो पाहिला, पट्टी कशात बुडवतात ते विचारलं, आणि तक्ता काढून माझ्या हातात दिला.

"फ्रिजमध्ये जेवण असते आपलं," ती म्हणाली.

तक्ता बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला गेला. माझी पट्टी रोज नारिंगी यायची. रोज सकाळी उठून नापास होण्याचा हा अनुभव मला शाळेनंतर प्रथमच येत होता. मग मी तर्री सोडली, चहा सोडला, दुधीचा रस धरला. दोन आठवड्यांनी एकदा पट्टी हिरवट आली, तेव्हा मी ती उन्हात धरून पाहिली, ट्यूबलाइटखाली पाहिली आणि शेवटी बायकोला दाखवायला नेली. ती कणीक मळत होती. तिने मान वर न करता "छान" म्हटलं.

आता हिरव्या पट्टीच्या माणसाला घरात कोणी शिष्य नाही म्हणजे काय. बायको म्हणाली, "मी तुमची प्रयोगशाळा नाही, तोंड दुसरीकडे करा." ऑफिसात मी दोघांना पट्ट्या दिल्या. एकाने त्या तंबाखूचा खर्रा खाऊन लावल्या आणि पट्टीचा जो काही रंग झाला तो तक्त्यावरच नव्हता. मी असा शिष्याच्या शोधात असतानाच धानाची कापणी आटोपली आणि सासूबाई गुडघ्यांना आराम म्हणून आमच्याकडे महिनाभर राहायला आल्या.

सासूबाईंचं गाव मौद्याच्या पुढे. वय सत्तरीच्या वर, अंगाने काटक, आणि बीपीची गोळी रोज सकाळी एक. येताना त्यांनी घरचे तांदूळ, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी आणि आंब्याच्या लोणच्याची बरणी आणली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण त्या अजून माझ्यासमोर खुर्चीवर बसत नाहीत. मी खोलीत आलो की डोक्यावर पदर, नजर खाली, आणि माझ्याशी बोलायचं ते लेकीमार्फत. मी समोर सोफ्यावर बसलेला असायचो आणि त्या आत पाहून म्हणायच्या, "त्यायले इचार वं, चहा घेतेत काय." मी उत्तर द्यायचो तेही आत पाहूनच. हिच्या माहेरी जवाई म्हणजे देव्हाऱ्यातला नसला तरी देव्हाऱ्याशेजारचा माणूस. त्याने ताटात टाकलेलं पाहून घरात चर्चा होते, त्याला भाजी आवडली नाही तर दोन दिवस दुःख होतं.

अशा बाईला मी म्हटलं, "आई, जरा जीभ काढा."

त्यांनी आधी लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "काढ बाई एकदाची, नाहीतर आज जेवण नाही होत." सासूबाईंनी माझ्या हातातली पट्टी घेतली, भिंतीकडे तोंड केलं, पदर पुढे ओढून त्याच्या आत ती पट्टी जिभेला लावली आणि मागे न वळताच हात पाठीमागे करून मला दिली. तपासणीचा हा प्रकार व्हिडिओत नव्हता.

पट्टी गर्द निळी झाली होती.

मी थक्क झालो. सव्वा महिना दुधी पिऊन मला हिरवट मिळत होतं आणि ही बाई तांदूळ खाऊन निळी. मी त्यांना विचारलं, गावात पाणी कुठलं पिता. मनात त्या पाण्याच्या बाटल्या भरून आणायचा बेतही झाला. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "ती पान खाते. चुना असते त्यात." चुना. सातवीतल्या पोराला कळलं असतं.

मी पान बंद करायला सांगितलं. सासूबाईंनी विरोध केला नाही. पानाचा डबा त्यांनी पिशवीत तळाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी पट्टी पिवळी, म्हणजे आम्लाच्या बाजूची आली, तिसऱ्या दिवशी पिवळी, आणि मला जो आनंद झाला तो आज आठवला तरी मान खाली जाते. शिष्य मिळाला होता आणि तो आजारी होता.

मग मी त्यांचा भात एक वेळेवर आणला. धानाच्या मुलखातली बाई, तिन्ही त्रिकाळ भात खाऊन एवढी झालेली, तिला मी समजावून सांगितलं की भात शरीरात आम्ल करतो. त्या ऐकत होत्या, म्हणजे जमिनीकडे पाहत होत्या. "त्यायले म्हना, जसं म्हनतीन तसं," एवढंच त्या आतल्या दिशेने बोलल्या. आणि व्हिडिओतल्या माणसाने ज्यांची पट्टी हटत नाही त्यांच्यासाठी सांगितलेला उपाय मी सुरू केला. रोज सकाळी उपाशीपोटी पेलाभर कोमट पाणी आणि त्यात एक चमचा खायचा सोडा.

तो पेला मी स्वतः नेऊन द्यायचो. हे लिहायला हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. बायको म्हणाली होती, "बाटलीत काय ते करून ठेवा, मी देईन." पण मला माझं काम कोणावर सोपवायचं नव्हतं. मी साडेसहाला पाणी कोमट करायचो, सोडा घालून ढवळायचो आणि त्यांच्या खाटेपाशी जायचो. त्या आधीच उठून, केस बांधून, पदर घेऊन बसलेल्या असायच्या. दोन्ही हातांनी पेला घ्यायच्या, भिंतीकडे वळून एका दमात प्यायच्या आणि पेला पदराने पुसून परत द्यायच्या. लगेच पट्टी. पट्टी हिरवी. सोड्याचं पाणी पिऊन अर्धं मिनिट न झालेल्या जिभेवर ती दुसरी कुठली येणार होती, हा विचार मला शिवलाही नाही. मी वहीत तारीख घालून "हिरवी" असं लिहायचो आणि फिरायला जाऊन बँकवाल्यांना सांगायचो.

दोन आठवडे असं चाललं. मध्येच एके दिवशी मला दिसलं की सासूबाई बायकोच्या चपला घालून फिरताहेत. त्यांच्या चपला दाराशी तशाच होत्या. मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "थंडीनं पाय सुजले म्हणते." मी सासूबाईंच्या पायांकडे पाहिलं. घोटा दिसत नव्हता. मी हे पाहिलं, नीट पाहिलं, आणि म्हणालो, "शरीरातली घाण बाहेर निघायला लागली की सुरुवातीला असं होतं." हे मी कुठे ऐकलं होतं ते सांगता येणार नाही. बहुधा कुठेच नाही. ते मी तिथल्या तिथे तयार केलं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी ऑफिसात बायकोचा फोन आला. सासूबाई मेथी निवडता निवडता एका अंगाला कलल्या होत्या. डोकं गरगरतंय म्हणतात, दम लागतोय, या लवकर. मी पोचलो तेव्हा शेजारणीच्या मदतीने तिने त्यांना खाली आणून रिक्षात बसवलंच होतं. मी स्कूटरवर मागे मागे गेलो. रिक्षाच्या मागच्या काचेतून त्यांचा पांढऱ्या केसांचा अंबाडा हलताना दिसत होता, आणि मी मनात म्हणत होतो की पट्टी तर सकाळी हिरवी होती.

आमचे डॉक्टर कॉलनीतच बसतात, आमच्याहून वयाने लहान. त्यांनी बीपी पाहिलं, पुन्हा पाहिलं. पायावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. छाती ऐकून ते म्हणाले, "गोळी चालू आहे ना?"

"रोज माझ्या हातानं देते," बायको म्हणाली.

"मग मीठ कुठून तरी चाललं आहे. आजी, खरं सांगा बरं. काय खाऊन राहिल्या?"

सासूबाई स्टूलवर बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांत त्या माझ्याकडे सरळ पाहताहेत हे बहुधा पहिल्यांदाच. मग पदर सारखा केला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "लोनचं खाल्लं. लपून खाल्लं."

"किती?"

"रोजच खाल्लं."

बायकोने कपाळावर हात मारला. डॉक्टर हसले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणखी काही? चूर्ण, काढा, घरगुती काही?"

प्रश्न मला होता. पेनसुद्धा त्यांनी वर धरून ठेवलं होतं. दाराशी दोन पेशंट उभे होते, कंपाउंडर सुईची पाकिटं लावत होता. दीड महिन्यापूर्वी याच डॉक्टरांना मी पीएचबद्दल सांगायला गेलो होतो आणि त्यांनी "काका, तुम्ही तर्री कमी करा" म्हणून मला वाटेला लावलं होतं. मला वाटलं, एवढ्या लोकांत नको. नंतर एकटा येऊन सांगतो. आणि मी मान हलवली. नाही म्हणून हलवली.

डॉक्टरांनी गोळी बदलली, मीठ बंद केलं, दोन दिवसांनी दाखवा म्हणाले, दम वाढला तर वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात न्या. घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर सोड्याचा डबा सिंकमध्ये रिकामा करून वर नळ सोडला. पट्ट्यांची डबी स्कूटरच्या डिकीत टाकली. कारण गेलं की रोग जाईल, सासूबाई बऱ्या होतील, मग कोणाला कशाला सांगायचं, असा माझा हिशेब होता.

पण सासूबाईंच्या खोलीत दुसरंच चाललं होतं. बायकोने सासूबाईंची पिशवी खाटेवर उपडी केली होती. जवसाची चटणी निघाली, पापड निघाले, पानाचा डबा निघाला. लोणच्याची बरणी तर ओट्यावरच होती.

"लहान लेकरू आहेस का तू? रात्री उठून खातेस का? मी इथं तुझ्या बीपीसाठी कमी मिठाची भाजी करून राहिली, अन् तू माझ्या पाठीमागं हे?"

 सासूबाई खाटेच्या कडेला बसून गुडघ्यावरची साडी सारखी करत होत्या. बायकोने बरणी उचलली आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईला देऊन टाकली. त्या बाईने झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "भरलीच तर आहे ही. काढलेलं नाही दिसत." बायको रागात होती, तिने ते ऐकलं नाही. मी ऐकलं. मी हात धुवायला गेलो आणि बराच वेळ धूत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी साडेसहाला उठून त्यांच्या खोलीवरून बाल्कनीकडे निघालो. दार उघडं होतं. सासूबाई केस बांधून, पदर घेऊन खाटेवर बसल्या होत्या. हातात पेला नाही हे त्यांनी पाहिलं. बायको झोपलेली होती, मध्ये कोणी नव्हतं, म्हणून त्यांना माझ्याशीच बोलावं लागलं.

"आज पानी नाही?"

"नको आता ते," मी म्हटलं.

"काहून? राग आला काय माह्यावर?"

 त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी तुमचं नाव नाही घेतलं तिथी. सोड्याचं नाव नाही घेतलं. तुमाले कोनी काही म्हननार नाही."

"आई, तुम्हाला माहीत होतं सोडा आहे ते?"

"भज्यात टाकतो ना आमी. चिमूटभर टाकतो. तुमी चमचा टाकत होते." एवढं बोलून त्या थोडं हसल्या. "खारट लागे."

"मग प्यायलं काहून तुम्ही?" माझ्या तोंडून आपोआप त्यांचाच शब्द आला.

त्या खाली पाहू लागल्या.  मग म्हणाल्या, "बाप गेला, नवरा गेला. कोन्या मानसानं उठून मले पानी नाही देल्लं कधी. तुमी जवाई असून देऊन राहिले रोज. आता त्याले मी नाही म्हनू काय?"

मी तिथून बाल्कनीत गेलो आणि कुंड्यांजवळ उभा राहिलो. त्यांनी जे मान म्हणून घेतलं होतं, ते मी काय म्हणून देत होतो ते मला माहीत होतं. मी पट्टी हिरवी व्हावी म्हणून देत होतो. त्या पेल्यात त्यांच्यासाठी काहीच नव्हतं.

दवाखाना उघडायच्या आधीच मी दाराशी जाऊन बसलो. डॉक्टरांना सगळं सांगितलं, चमच्याच्या मापासकट. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "काका, सोडा म्हणजे मिठाचाच भाऊ. त्यातही सोडियमच असतं. बीपीच्या माणसाला चमचा चमचा दिल्यावर पाय सुजणारच, छातीवर ताण येणारच. थोडं पुढे गेलं असतं तर महागात पडलं असतं." मग माझा चेहरा पाहून खुर्चीत मागे टेकले. "रक्ताचा पीएच शरीर स्वतःच सांभाळते. फुप्फुसं सांभाळतात, किडनी सांभाळते. तुमच्या दुधीनं तो हलत नाही, अन् हलला तर माणूस आयसीयूत असते. जिभेवरची पट्टी फक्त एवढंच सांगते की आत्ता तोंडात काय होतं." त्यांनी दुपारी सासूबाईंना पुन्हा आणायला सांगितलं, रक्त तपासायला पाठवलं. मी उठताना ते म्हणाले, "काल विचारलं तेव्हा सांगायचं होतं." 

घरी बायकोला सांगणं त्याहून अवघड गेलं. ती पोळ्या लाटत होती. मी सुरुवात पीएचपासून केली, तर ती म्हणाली, "सकाळी सकाळी नको." मी म्हटलं, "लोणचं नाही खाल्लं आईनं." मग सगळं सांगितलं. सोड्याच्या पाण्याचं तिला माहीत होतं, पण ती चिमूटभर समजत होती. तिचं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपली, धूर झाला, आणि तिने गॅस बंद केला.

"मी तिला काय काय बोलली काल," ती म्हणाली. "अन् तुम्ही आत हात धूत होते."

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आईपाशी जाऊन बसली, पाय चेपत बसली. सासूबाई मात्र माझ्यावर खऱ्या अर्थाने रागावल्या त्या तेव्हा. सोड्यासाठी नाही. पाण्याची बाटली घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येताना मला अडवून म्हणाल्या, "सांगाची काय गरज होती? मी खोटी पडली ते पडली. आता हे पोरगी तुमाले बोलत नाही, अन् मले पाहा लागते."

गोळी बदलल्यावर आणि सोडा थांबल्यावर आठ-दहा दिवसांत सूज उतरली. त्या स्वतःच्या चपला घालू लागल्या. रक्ताचा रिपोर्ट ठीक आला. महिना व्हायला अजून दोन-चार दिवस होते, पण त्या म्हणाल्या, जाते मी. बायकोने थांबवून पाहिलं. शेवटी मीच एका रविवारी साडूंची गाडी मागून आणली आणि त्यांना पोचवायला निघालो. बायकोही सोबत होती. भंडारा रोडवर ती मागे आईजवळ बसली होती. मी मनाशी ठरवलं होतं की गावी मेव्हण्याला सगळं खरं सांगायचं. निदान तिथे तरी खोटं राहू द्यायचं नाही.

अंगणात शिरलो तसं मेव्हण्याने खुर्ची टाकली, त्याच्या बायकोने पाय धुवायला पाणी आणलं. शेजारचे दोन म्हातारेही जवाई आले म्हणून येऊन ओसरीवर टेकले. मेव्हण्याने आईच्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई फोनवर म्हनत होती तब्येत बिघडली म्हनून. काय झालं होतं?"

माझ्या आधी सासूबाई बोलल्या. "काही नाही. लोनचं खाल्लं म्या जास्त."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीवरून थोडा पुढे सरकलो आणि म्हटलं, "लोणचं नाही. आईंनी लोणचं खाल्लंच नाही. मी त्यांना रोज सोड्याचं पाणी देत होतो. त्यानं झालं. चूक माझी आहे."

 मग मेव्हणा हसला. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"भाऊजी, तुमी कायले आपल्या अंगावर घेता? आमची म्हातारी आमाले माहीत नाही काय. घरी पन झाकनी काढून बोटं घालते लोनच्यात."

"नाही, खरंच सांगतो. मी पट्टीनं तपासत होतो, जिभेवर..."

"पाहा," एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "जवाई असावा तर असा. सासूवर शब्द येऊ देत नाही."

दुसऱ्याने मान डोलावली. म्हणाला, त्याचा जवाई असता तर चारचौघांत म्हातारीची इज्जत काढली असती. मी बायकोकडे पाहिलं, तू तरी सांग म्हणून. ती तोंड उघडणार एवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या सुनेला सांगत होत्या, बोलण्यात येळ नको काढू, त्यायचं ताट कर. सून म्हणाली झालंच. दुपारच्या उन्हात ओसरीवर पाट मांडला गेला. नव्या तांदळाचा भात, लाखोळीचं वरण, वर तूप. मेव्हणा म्हणाला, "बसा भाऊजी." मी म्हटलं, ऐकून तर घ्या. तो म्हणाला, "जेवल्यावर ऐकतो."

बायको माझ्या शेजारी येऊन बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आता जेवा. तुमचं कोणी ऐकत नाही इथं."

मी जेवायला बसलो. भात संपला की सून वाढत होती, नको म्हटलं तरी वाढत होती. दोन्ही म्हातारे कौतुकाने पाहत होते. सासूबाई दाराच्या आत उभ्या होत्या, पदर कपाळापर्यंत. मी तिसऱ्यांदा नको म्हणून ताटावर हात आडवा धरला, तेव्हा त्यांनी आतल्या दिशेला तोंड करून सुनेला म्हटलं, "त्यायले वाढ वं. त्यायचं नको म्हननं नको ऐकू."